४४१७

कंपनीनं बदलून दिली, एक पैसा न घेता.
वॉरंटी कार्डावर शिक्का, सोबत दिलगिरीचं पत्र.
घोडा पडायचा, पिन पुढे सरकायची नाही,
एवढंच तिचं दुखणं.

परवान्यावर ४४१७.
खोक्यात ९०६२.
आणि खानविलकर मामा दोघींच्या मधे,
आमच्या फोर्टच्या दुकानातल्या स्टुलावर,
बँकेचा गणवेश, टोपी गुडघ्यावर.

"मग ही माझी कधीपासून?"
मी रजिस्टर उघडतो.
विक्री म्हणावी तर पावती नाही.
दुरुस्ती म्हणावी तर तीच परत यायला हवी.
बदलीचा रकाना छापलेलाच नाही.
"आयुक्तालयात अर्ज टाका, मामा. तीनच्या आत.
जुनी मोडीत काढल्याचा दाखला जोडा."
तो कारखान्यातून यायचाय.

तोवर वितळलेली त्यांच्या नावावर जिवंत,
आणि ही, तेलाच्या वासासकट,
माझ्या तिजोरीत. कुणाचीच नाही.
बँकेचा साहेब म्हणतो, बंदूक नाही तर पगार कशाचा?

चहा आला. मामांनी बशीत ओतला, प्यायले नाहीत.
"सरावाला नेलं म्हणून कळलं.
दोन्ही नळ्या, नुसतं टिक. टिक.
म्हणजे दिवाळीपासून दारात
मी काठी धरूनच उभा होतो की."
हसू आलं त्यांना, मग थांबलं.
"बायकोला नाही सांगितलं अजून.
तिनं पाटल्या मोडल्या होत्या."

मी अर्ज लिहून दिला. सही केली त्यांनी,
मराठीत, पूर्ण नाव, सावकाश.
निघताना खांद्यावरचा पट्टा सावरला,
जो तिथं नव्हता.