कारण : इतर

सोहारच्या किनाऱ्यावर
खारं पाणी गोडं करणाऱ्या कारखान्यात
रात्रपाळीला मी, आणि अकरा पडदे.
पंप तो चालवतो. झडपा तोच उघडतो, तोच मिटतो.
मला फक्त दर वीस मिनिटांनी विचारतो :
आहात का?
मी बटण दाबतो. आहे.
पगार या ‘आहे’चाच.

पहिल्या वर्षी वाटायचं, मी त्याच्यावर नजर ठेवतोय.
दुसऱ्या वर्षी बायकोला फोनवर म्हणालो,
राखणीची नोकरी आहे गं,
कोण कुणाला राखतंय ते विचारू नकोस.

मग मार्चमधली ती रात्र.
तीन वाजून दहा मिनिटं. चहा घेऊन बाहेर आलो
तर वाऱ्याला वास.
मेलेल्या मासळीचा नव्हे,
त्याच्या आदल्या दिवसाचा.
पालशेतला बाबा होडी न लोटताच परत यायचे, तेव्हाचा.
पाणी बिघडलंय, एवढंच बोलून
जाळं पुन्हा खुंटीला.

आत पडदे हिरवेगार.
गढूळपणा ठीक. प्राणवायू ठीक.
बिजूला उठवू? सालमीन साहेबांना?
काय सांगू, नाक म्हणतंय?
समुद्र ओढणारी दोन्ही तोंडं मी मिटली.

त्याने लगेच विचारलं : कारण?
दाब. गळती. वीज. तपासणी. सराव. वरून आदेश.
इतर.
इतरपुढे चाळीस अक्षरांची जागा.
मी लिहिलं, वास.
खोडलं.
पुन्हा तेच लिहिलं.

उजाडलं तेव्हा पाणी
काव कालवल्यासारखं तांबडं, जड.
सालमीन साहेब कुंपणापाशी बराच वेळ उभे राहिले,
मग स्वतःच्या थर्मासमधला कहवा मला ओतून दिला.
बोलले काहीच नाहीत.

महिन्याभराने पत्र आलं :
उत्पादन पाच तास बंद,
पैकी अडीच तास पुराव्यावाचून.
पत्रामागून नवी आवृत्ती आली.
यादीत आता सहाच कारणं.
इतर नाही.

त्यानंतर दोनदा तसाच वास आला.
‘तपासणी’वर बोट ठेवून तोंडं मिटली,
आणि सकाळी पाणी नितळ निघालं.
हेही सांगायला हवं, नाहीतर मी त्या पत्राहून बरा कसा?

तरी रोज तीन दहाला उठतो.
दार ढकलतो, कुंपणापर्यंत जातो,
समुद्राकडे तोंड करून श्वास घेतो,
एक, आणि खात्रीसाठी अजून एक.
परततो तोवर पडद्यावर नोंद झालेली असते :
जांभारकर. जागेवर नाही. सहा मिनिटं.