पट्ट्याचं टेन्शन

उद्यमनगरात, तिसऱ्या गल्लीत,
बापू लेथच्या पट्ट्यावर अंगठा दाबायचे
आणि म्हणायचे, "टेन्शन बरं हाय."
अर्धा इंच आत गेला पाहिजे अंगठा.
कमी गेला तर पट्टा बेअरिंग खातो,
जास्त गेला तर घसरतो, किंचाळतो,
मग चिमूटभर राळ टाकून त्याला गप्प करायचं.

या शब्दाला त्यांच्याकडं एवढीच जागा.
कामाला लागले त्या आठवड्यात
मिरजे मिस्त्रींनी तो हातात दिला होता,
तेरा नंबरच्या पान्यासोबत.

बारावीच्या निकालाआधी मी म्हटलं,
"बापू, लई टेन्शन आलंय."
रॉकेल आणि लाकडाच्या भुशानं
हात चोळत होते, थांबले.
"कुठल्या पट्ट्याचं?"
आई हसली. ते नाही हसले,
उत्तराची वाट बघत राहिले.

पुढं कधीतरी वाचनालयात
एका जाड कोशात तो शब्द सापडला.
लॅटिनमधून आलेला; अर्थ, ओढून धरणं.
मुळाशी गेलं तर तिथं
आपला ताण आधीच बसलेला,
शेजारी तंतू, शेजारी मागावरचा ताणा.
चुलत भावंडं निघाली सगळी.
त्यातलं एक परदेशात वाढलं,
मोटारीच्या खोक्यातून इथं उतरलं
आणि ओळख करून द्यायला
गल्लीत कुणी नव्हतं.

आता सगळं गाव त्याला घेतं, देतं.
दूधकट्ट्यावर, कॉलेजच्या गेटवर, स्मशानातसुद्धा
"टेन्शन घेऊ नगंस भावा,"
जसं कुणी पाटीत घालून विकायला आणलंय.
अंगठा लावून बघत मात्र कुणी नाही.

लेथ गेला भंगारात.
नव्या मशीनला बाहेरून पट्टाच दिसत नाही.
सीपीआरमध्ये डॉक्टरीणबाईंनी बापूंच्या दंडाला
फडकं गुंडाळलं, फुगवलं,
कागदावर तोच शब्द लिहिला, पुढं हायपर जोडून.
"आजोबा, टेन्शन घेता का?"
"घेत न्हाई," बापू म्हणाले, "बघतो."

रात्री खाटेशेजारी स्टुलावर मी,
औषधांच्या बिलांची बेरीज करत.
मानेजवळ, खांद्यावर
त्यांचा तो चपटा अंगठा टेकला.
दाबला. पुन्हा दाबला.
"जाईना की गं आत."

मी बिलं उशीखाली सारली.
अंगठा तिथंच होता.