वगळलेले : एक

हत्तुरे हैद्राबादला गेला.
मागे ठेवलं त्यानं : अकरा हजार ओळींचा प्रोग्रॅम,
फुटका माउस, शेंगाचटणीचा अर्धा डबा.
माहितीचा कागद एकही नाही.
लिहून ठेव म्हटलं की म्हणायचा,
"इथली कडक भाकरी महिनाभर टिकती, मॅडम,
कागद टिकत नाही.
आज लिहिलेलं उद्या खोटं."

अक्कलकोट रोड, एमआयडीसी, दुसरा मजला.
खाली अठ्ठेचाळीस माग. वर मी,
आणि कपातला चहा,
ज्याला कधीच स्थिर राहता आलं नाही.

प्रोग्रॅम वाचला. कळला नाही.
मग त्याच्या चाचण्या उघडल्या. दोनशे चौदा.
एकेक इवलीशी, पण नाव अख्ख्या वाक्याएवढं,
शब्दाशब्दात खालची रेघ, दाभणानं टाचल्यासारखी :

टॉवेलचं_वजन_शून्य_असेल_तर_बिल_होऊ_नये

रंग_उतरलेला_माल_परत_आला_तर_मजुरी_कापू_नये

एका_गठ्ठ्यात_दोन_लॉट_मिसळू_नयेत

चार वर्षं शेजारी बसून
हत्तुरे माझ्याशी एवढं बोलला नव्हता.

मी चाळीस ओळी लिहिल्या. काम साधं :
नावं उचलायची, टाके उसवायचे,
चाचणी चालवायची,
जी हिरवी होईल तेवढीच कागदावर आणायची.
म्हणजे कागदाला स्वतःचं तोंड नाही.
प्रोग्रॅम जे खरंच करतो
तेवढंच तो बोलणार.

आमचे नाना जकार्डची पुठ्ठी टोचायचे.
मोर कुठंय यात, मी विचारायची,
ते माझं बोट धरून भोकांवरून फिरवायचे.
भोक चुकलं तर मोर लंगडा.
त्यावर कुणी कितीही सुरेख अक्षरात
"मोर" लिहिलं तरी.

नऊ पानं निघाली. गरम.
गड्डमशेठनी चष्मा लावला, बोट ओलं केलं,
पहिल्या पाच पानांना मान हलवत गेले.
सहाव्या पानावर मान थांबली.

"नव्वद इंची चादर अठ्ठ्याऐंशी भरली
तरी लेबल नव्वदचंच छापावं."

खालचे माग अचानक फार मोठ्यानं ऐकू आले.

"हे कुणी लिहिलं?"
कुणीच नाही, शेठ. आपोआप आलं.
"आपोआप कसं येईल?"
प्रोग्रॅम तसं करतो, म्हणून.
"धुतल्यावर आटती की चादर."
हे माप धुण्याआधीचं आहे.
"मग तेवढी ओळ खोड."

शेठ, कागदावर खोडली
तर पुढच्या छपाईला परत येईल.
ती जायची वाट एकच :
लेबलावर अठ्ठ्याऐंशी छापायचं,
किंवा चादरच नव्वद विणायची.
(दोन वाटा झाल्या. मी घाबरले होते.)

त्यांनी खिडकीतून खाली पाहिलं.
गठ्ठे टेम्पोत चढत होते, लेबलं बाहेरच्या बाजूला.
हत्तुरेला हे कुणी करायला सांगितलं असेल
ते मी विचारलं नाही.
त्यानं का केलं, तेही त्या नऊ पानांत नव्हतं.
चाचणीला "काय" ठाऊक असतं. "का" माणसाबरोबर
रात्रीच्या गाडीनं निघून जातं.

"ती चाचणी बंद ठेव. तूर्तास."

पगार एक तारखेला होतो. आज सव्वीस.
चाचणीच्या डोक्यावर मी एक शब्द लिहिला : वगळ.
पुन्हा चालवलं. पुन्हा नऊ पानं.
सहाव्या पानावर एक ओळ कमी,
तिच्या जागी काही नाही, पांढरंही नाही,
खालची ओळ वर सरकून बसलेली.

शेठनी यावेळी शेवटून वाचायला घेतलं,
हिशेबाचा माणूस, आधी बेरीज बघतो.
तिथं, मी न लिहिलेलं :

एकूण दोनशे चौदा. हिरव्या दोनशे तेरा.
लाल शून्य. वगळलेले एक.

बराच वेळ बोट त्या आकड्यावर होतं.
"हे एक," ते म्हणाले, "हे पण आपोआपच का?"

हो, म्हणाले मी.
चहावर साय धरली होती, तीही थरथरत होती.