प्रतापनगर ते ऑकलंड

बारा हजार तीनशे किलोमीटर, सरळ रेषेत.
आमची डभोईची छोटी गाडी, ताशी वीस,
निघाली असती तर सहाशे पंधरा तासांत पोचली असती.
म्हणजे पंचवीस दिवस आणि वर पंधरा तास,
मध्ये समुद्र नसता तर,
आणि केलनपूरला दूधवाल्यांनी साखळी ओढली नसती तर.

हेमांगी गेली त्या आठवड्यात
हे सगळं कॅलेंडरच्या पाठीवर मांडून
मी कुमुदला दाखवलं.
विमानाचंही केलं. ताशी नऊशे.
तेरा तास चाळीस मिनिटं.
ती म्हणाली, बरंय की, एक रात्र आणि थोडी सकाळ.
मी म्हणालो, सरळ कुणी जात नाही गं.
हरणीहून मुंबई, मुंबईत बाकावर सहा तास,
मग सिंगापूर, तिथे पुन्हा बाक.
तिकिटावर सत्तावीस लिहिलेत.
ती म्हणाली, तिथेही असेल एखादा तुमच्यासारखा गार्ड,
कुणी पळत येताना दिसलं की थांबवत असेल.

खोटं नाही. कुंढेला स्टेशनात मी
एका म्हातारीसाठी चार मिनिटं
हिरवी झेंडी काखेत गुंडाळून उभा राहिलोय.
तिच्या डोक्यावर वांग्यांची टोपली होती.
जर्नलमध्ये उशिराचं कारण लिहिलं:
इंजिनात वाफ कमी.

कुमुद गेली मंगळवारी रात्री सव्वादहाला.
तिकडे बुधवार उजाडत होता, पावणेपाच.
फोन लागायला एक सेकंद.
हेमांगी म्हणाली, बाबा, मिळेल ती सीट घेते,
एकूण एक्केचाळीस तास धरा.
धरले.

मे महिना. बर्फवाला दारात उभा,
खांद्यावर ओलं पोतं.
"केटला कलाक, काका?"
एक लादी चार तास, तो म्हणाला,
खिडक्या लावल्यात तर.
मी कॅलेंडर उलटं केलं, भागाकार मांडला.
दहा लाद्या. बाकी एक.
तो एक तास
कुठे बसवावा कळेना.

पहाटे पाणी उंबऱ्यापर्यंत आलं.
कुमुदच्या पदराचं टोक भिजलं.
जन्मभर ओल्या फरशीवरून
ओरडत आलेली बाई.
शेजारच्या शिर्क्यांना म्हणालो, नको.
नेऊ या.
खासवाडीला निघालो साडेसातला.
छत्तीस वर्षांच्या नोकरीत केलं नव्हतं ते केलं:
पळत येणारं माणूस दिसत असताना
झेंडी दाखवली.

हेमांगी गुरुवारी आली, दुपारी सव्वातीनला, अगदी वेळेवर.
बॅगेच्या कडीला तीन विमानतळांच्या चिठ्ठ्या,
मनगटावर अजून तिकडचे पावणेदहा.
काही विचारलं नाही.
पाणी प्यायली. फरशी पुसलेली होती,
ती तिने पुन्हा पुसली.

बॅगेत आईच्या मापाचे लोकरीचे मोजे निघाले,
तिकडच्या मेंढ्यांचे, दिवाळीसाठी आधीच घेऊन ठेवलेले.
थंडीत मीच घालतो.
टाच माझ्या तळव्याच्या मध्यावर येते.
ओढून पाहिलं, धुऊन, ताणून वाळत घालून पाहिलं.
चार बोटं कमी पडतात.