रफार

रुवीत, बँकांच्या मागच्या गल्लीत आमचं पाट्यांचं दुकान.
बाहेर सेहेचाळीस डिग्री.
आत बिजुमोन व्हिनाइल सोलत बसलेला,
आणि मी, रुकय्या मुकादम, गाव दाभोळ,
दुसऱ्यांची नावं मोठी करून देणारी.

अनसूयाबाईंच्या भाच्याने फाइल पाठवली महाडहून.
उघडली, तर पापलेट छान आलं होतं, खवल्यांसकट,
आणि त्याच्याखाली रिकामे चौकोन, ओळीने,
खिडक्या बसवायच्या राहून गेलेल्या इमारतीसारखे.
मशीनने विचारलं, फॉन्ट नाही, दुसरा लावू?
म्हटलं, लाव बाबा.
तर उमटलं
श्‌रीवर्‌धन खाणावळ.
खालच्या ओळीतल्या ‘आणि’ची वेलांटी
ण ओलांडून पलीकडे जाऊन उभी.

बाई खुर्चीच्या मागून बघत होत्या.
‘हे आमचं गाव नाही,’ म्हणाल्या.

चौथीपर्यंत शिकलेल्या. अक्षर अक्षर लावून नाही वाचत,
एस.टी.च्या बोर्डावरचं गाव तोंडावळ्याने ओळखतात.
‘ध-च्या डोक्यावर काहीतरी असतं ना,
कोयतीएवढं?
ते कुठे पडलं?’

मी भाच्याला फोन लावला.
तो म्हणाला, माझ्याकडे तर बरोबर दिसतंय.
सगळे हेच म्हणतात.
मी पण म्हणते, घरी फोन केला की.

आता अरबी. ती तर हवीच, बलदियाचा माणूस पाटीत आधी तीच बघतो.
मीम, तॉ, ऐन, मीम : मतअम.
दोन्ही टोकांना मीम, म्हणून
शब्द उलटा झालाय हे आधी कळलंच नाही मला.
मग ऐन दिसला, तॉच्या जागेवर,
आणि चौघे एकमेकांचा हात सोडून उभे.
मकतबातले उस्ताद असते तर पट्टी उचलली असती.
अरबी मी हाताने पुन्हा टाइप केली.
मराठीला आमच्याकडे तो फॉन्टच नव्हता,
आणि होता त्यात र-ला डोक्यावर चढायचं कसं ते ठाऊक नव्हतं.

शेवटी भाच्याला सांगितलं,
सगळं सिलेक्ट कर, आउटलाइन कर, मग पाठव.
मूळ फाइल जपून ठेव, हेही सांगितलं.
ते कुणी ऐकत नाही.

आली. कोयती जागेवर.
बाईंनी स्क्रीनवर बोट टेकलं, काचेवर हळदीचा ठसा राहिला,
मी तो दोन दिवस पुसला नाही; आळस, दुसरं काही नाही.

पण कर्सर नेला तर आत अक्षर नव्हतं.
बिंदू होते, वक्ररेषा होत्या.
‘श्रीवर्धन’ शोधलं, मशीन म्हणालं, या फाइलमध्ये मजकूर नाही.
आता कुठल्याही देशात, कुठल्याही मशीनवर
हे गाव असंच दिसणार,
आणि एक काना बदलायचा म्हटलं तरी कुणाला बदलता येणार नाही.
बिजुमोनला सांगितलं. तो म्हणाला, चेची, कटिंगला तेच बरं असतं.

पाटी रात्री लावली, दिवसा शिडी हाताला भाजते.

दीड महिन्याने बाई परत आल्या, डब्यात तिसऱ्यांची एकशिपी घेऊन.
मोबाइल बदलला होता. शेवटचा आकडा तीन होता,
आता आठ.
भाच्याला विचारलं; मूळ फाइल
त्याने जागा कमी पडली म्हणून उडवली होती.

मग मी तीनला जवळ ओढलं, सोळापट मोठं केलं,
त्याची दोन उघडी तोंडं शोधली,
आणि एकेक बिंदू धरून डावीकडे वळवत नेलं,
वरचं पोट, मग खालचं.
वरचं थोडं बारीक झालंय.
अजून कुणी बोललेलं नाही,
फोन लागतोय.