डावा कान

नागेशने पुण्याहून कुरिअर केलं:
दोन हेल्मेटं, आत चिकटवायची दोन यंत्रं.
मग फोनवर तासभर समजावलं
कुठलं बटण किती वेळ दाबायचं.
बटण दाबलं की आतून एक बाई इंग्रजीत बोलते.
राजमणी म्हणाली, ही कोण?
म्हटलं, माहीत नाही, तुझ्याच पोराने पाठवलीय.

एकतीस वर्षं मी जॉबर,
अक्कलकोट रोडला, चोवीस मागांच्या मधे.
चादरीवर मोर उमटत असतो तेव्हा
डोक्यावर जकार्डच्या पट्ट्या कडकडतात
आणि धोटा इकडून तिकडे आपटत राहतो.
तिथे कुणी बोलत नाही, हात बोलतात.
मूठ उघडली: कांडी संपली.
अंगठा ओठाशी: चहा आला.
पाठीवर दोन थापा: धागा तुटला, माग थांबव.
डावा कान नक्की कधी गेला
ते विचारू नका. पगारातून कापून जावा तसा
थोडा थोडा गेला.

आणि बायकोने गाडीवर बसायचं ते साडीत, एका अंगाला,
म्हणजे तिचं तोंड माझ्या डाव्या खांद्याशी.
सत्तावीस वर्षं ती बोलली, मी हं म्हणालो.
वाटायचं, तूरडाळीचा भाव असेल,
बिडीच्या पानांत कारखानदाराने मारलेली काट,
जावेचं काहीतरी.
अंदाजाने हं.
स्पीडब्रेकरला जरा मोठं हं.

रविवारी म्हटलं, तामलवाडीपर्यंत जाऊन येऊ. टेस्टिंग.
मार्केट यार्डाच्या पुढे उजव्या कानात एकदम
"विनबडतुंदा?"
ऐकू येतंय का, एवढंच. मी ब्रेक दाबला.
मागचा टमटमवाला काय बे, म्हणून ओरडून गेला.
इतक्या जवळून ती कधी बोलली नव्हती.
दिवा मालवल्यावरसुद्धा.

येतंय, म्हटलं. बोल.

मग काहीच नाही.
हिप्परग्याचा तलाव आला, बगळे आले, गेले.
तिचा श्वास तेवढा ऐकू येत होता,
आणि तंबाखूच्या धुळीचा तो बारका खोकला
जो ती घरात मोरीत जाऊन खोकते.

बोल की.
काय बोलू?
रोज बोलतेस ते.
"ते तुमच्याशी थोडंच होतं," कानात आवाज आला,
आणि पुढचे चार किलोमीटर नुसता वारा.

तामलवाडीत चहा.
हेल्मेट मांडीवर घेऊन, बशीत फुंकर घालत ती म्हणाली,
"कुठला कान गेलाय
ते मला तुमच्या आधीच माहीत होतं की ओ.
बरंच काही ठेवलंय मी त्यात.
अम्मा गेली तेव्हाचं. नागेशच्या आधीचं ते एक.
तुम्ही हं म्हणायचात.
बरं वाटायचं."

नागेशच्या आधीचं.
तेव्हा मी दुसऱ्या दिवशी पाळीवर गेलो होतो.
हे मी बोललो नाही. बिस्किटाचा पुडा फोडला.
टपरीवाल्याने पैसे मागितले ते
तिसऱ्यांदा ऐकू आले.

मग मी हेल्मेट उलटं केलं,
उजव्या बाजूचा स्पीकर ओढून काढला,
त्याची पिन उपटली, सुट्ट्या पैशांबरोबर खिशात टाकला.
डावा राहू दिला.
ती बघत होती. बशी पुसून ठेवली तिने,
तेवढंच.

परतीला तलाव संपेपर्यंत शांतता.
मग डाव्या बाजूला काहीतरी सुरू झालं.
शब्द नव्हते. गालाच्या हाडावरून
मुंग्यांची रांग जावी तशी थरथर,
मधेच थांबणारी, पुन्हा लगबगीने निघणारी.
मी रस्ता बघत राहिलो.
हं, म्हणालो.
ह्या वेळी कशालाच अंदाज लावला नाही.

तुळजापूर नाक्याच्या अलीकडे पाठीवर दोन थापा.
पाय आपोआप ब्रेकवर गेला.
पदर चाकाजवळ आला होता, बाकी काही नाही.
तिने तो ओढून कमरेला खोचला,
नीट बसली,
आणि जिथे तुटलं होतं तिथून
पुन्हा सुरू केलं.