मागची भिंत धरून

मांगीलालनं विचारलं, पूरा घर या सिर्फ सामने का?
आणि मी, तीस वर्षं कॅशच्या खिडकीत बसलेली बाई,
म्हणाले, थांब. आधी मोजू.

टेप त्याची. पुढचं टोक तुटलेलं,
म्हणून तो एक इंचापासून सुरू करतो
आणि शेवटी तो इंच वजा करायला विसरतो.
मी विसरत नाही.

समोर बावीस फूट. उजवीकडे चाळीस.
डावीकडे तारेंचं घर चिकटलेलं,
मधल्या फटीतून फक्त मुंग्या जातात, त्यांना रंग नको.
उंचीसाठी गच्चीवरून सुतळी सोडली, टोकाला पान्हा.
पान्हा हेलकावत हेलकावत जमिनीला टेकला,
मी वर गाठ मारली :
वीस फूट, कठडा धरून.

सहा खिडक्या आणि दार मी वजा करायला घेतलं
तर तो हसला.
खिड़की मत काटो, बाईजी, उसके किनारे भी पीते हैं.
खरंच की. छज्जा, चौकटीच्या कडा, खालची पट्टी.
खोडलेलं मी पुन्हा जमेत धरलं.

राहिली मागची.
तिच्यासाठी आमच्या घरात एक वाक्य होतं :
मागे कोण बघतंय!
घर बांधलं तेव्हा हे म्हणाले,
नंतर दोनदा रंग काढला तेव्हाही म्हणाले.
ती उभी आहे सबनिसांच्या अंगणात
आणि सबनिसांशी अकरा वर्षं बोलणं नाही.
आमच्या पन्हाळीचं पाणी त्यांच्याकडे पडतं, एवढंच.
एवढंच, पण महापालिकेपर्यंत गेलं होतं.

सगळं लोकमान्य नगर जेवून आडवं झालेल्या वेळी
मी त्यांचं फाटक वाजवलं.
विदुला आली, हाताला कणीक.
भिंत मोजायची होती, मी म्हणाले. आमची.
ती बाजूला झाली.

आणि मी आमचं घर पहिल्यांदा मागून पाहिलं.

कोळशानं काढलेले तीन स्टंप,
कितीदा तरी गिरवलेले,
भोवती चेंडूचे गोल गोल ठसे.
आमच्या विटेत त्यांच्या कपड्यांच्या तारेचा खिळा.
पन्हाळीखाली शेवाळाची लांब जीभ,
आणि जिथं पाणी पडतं तिथं अळू,
असं माजलेलं की पानं माझ्या कमरेला लागत होती.

मांगीलालनं भिंतीवरून तळहात फिरवला.
प्यासी है. डेढ़ गुना खाएगी.
मी वहीत मांडलं : चारशे चाळीस चौरस फूट,
लिटरला पन्नास, त्याची दीडपट,
म्हणजे तेरा लिटर आणि वर थोडा.

कोणता रंग? विदुलानं विचारलं.
हस्तिदंती.
इकडेही?
मी काही बोलले नाही.
आमच्या ओट्यावरून हीच दिसते, ती म्हणाली,
दुपारी हिच्यावरून ऊन उलटून येतं.
पोळ्या लाटताना डोळे मिटावे लागतील, इतका पांढरा नको.

स्टंप नऊ इंच रुंद, अठ्ठावीस उंच.
पावणेदोन चौरस फूट. मी वजा केले.
मांगीलाल वहीत डोकावला :
खिडक्या नाही कापल्या, आणि हे?
अर्धी वाटीसुद्धा वाचणार नाही, मला माहीत होतं.
आमचा अंशू आता कुठं खेळतोय, विदुला म्हणाली,
आणि पुसा म्हणाली नाही.

सियागंजची यादी अशी :
वीसची बादली एक, दहाची एक, चारचे डबे दोन.
त्यातल्या मागच्या डब्यांपुढं रंगाची जागा कोरी.
खाली मी वेगळं लिहून ठेवलं होतं,
प्लास्टिकचा पाइप, नऊ फूट, पन्हाळ आपल्या बाजूला वळवायला.
मनाशी ठरवलं होतं, एवढं केलं की भांडण मिटेल.

निघताना फाटकाशी ती म्हणाली,
एक सांगू का,
पन्हाळ आता वळवू नका.

रस्त्यातच उभी राहून
पाइपची ओळ खोडली.